चीफ मेश्राम आणि लिली आंटीची गाडी

सुजाता मेश्राम आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या मिक्सरचा आवाज ऐकून.

आम्ही पुण्याहून सिंगापूरला येऊन फार दिवस झाले नव्हते. ईस्ट कोस्टच्या उंच कॉन्डो इमारतींमागे जुन्या दुमजली घरांची एक रांग आहे, भिंतीला भिंत लागून. त्यातल्या एका घराचा खालचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. रविवारी सकाळी मी शेंगदाण्याची चटणी वाटत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक ठेंगण्या, भरल्या अंगाच्या बाई उभ्या. आखूड कापलेले पांढरे केस, दोरीला अडकवलेला चष्मा, डाव्या खांद्यावर सुती फडकं.

"तुमच्या मिक्सरचं बुश गेलंय," त्या म्हणाल्या. "मी शेजारी राहते. भिंतीपलीकडून कधीची ऐकून राहिली. आता थांबवा, नाहीतर मोटर जळेल."

मी हसून 'हो हो' म्हटलं, दार लावलं आणि उरलेली चटणी वाटायला गेले. मोटर जळली. संध्याकाळी त्या पुन्हा आल्या, मोटर कुठे बांधून मिळेल तो पत्ता घेऊन. "सांगितलं होतं" वगैरे एक अक्षर नाही. वास घेतला, म्हणाल्या, "चटणी मात्र झाली असेल ना? द्या थोडी."

त्या नागपूरच्या. जहाजावर इंजिनिअर म्हणून लागल्या तेव्हा त्या कामात बायका जवळजवळ नव्हत्याच. चढत चढत चीफ इंजिनिअर झाल्या, म्हणजे इंजिनरूमच्या मालकीणच. मग कंपनीने त्यांना सिंगापूरच्या ऑफिसात बसवलं. सगळे त्यांना 'चीफ' म्हणायचे. मीही म्हणू लागले. ऑफिसच्या कामाबद्दल विचारलं की म्हणायच्या, "पूर्वी इंजिनं दुरुस्त करायची, आता ईमेल दुरुस्त करते." हे त्या हसून सांगायच्या, पण सांगताना हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघायच्या. नखांत काळी रेघ राहिली नव्हती याचं त्यांना वाईट वाटायचं.

त्यांच्या बोलण्याच्या तीन तऱ्हा होत्या. ऑफिसशी इंग्रजी, आमच्याशी मराठी आणि यंत्रांशी वऱ्हाडी. आमचा पंखा साफ करताना स्टुलावर चढून त्याला म्हणत होत्या, "असा कायले करतं रे बापा? फिर ना नीट." माणसांवर त्या कधी चिडल्या तरी आवाज चढायचा नाही. यंत्रावर मात्र रीतसर रागवायच्या आणि मग लगेच त्याची समजूतही काढायच्या.

"आधी ऐका, मग उघडा," हे त्यांचं पालुपद. ते कुठून आलं तेही त्यांनीच एकदा सांगितलं. ज्युनिअर असताना एका पंपाचा आवाज बिघडला म्हणून त्यांनी उत्साहाने तो सगळा खोलून ठेवला. पंप धडधाकट होता, आवाज शेजारच्या पाइपातून येत होता. खोललेला पंप पुन्हा बसेपर्यंत भलंमोठं जहाज समुद्रात नुसतं डुलत राहिलं. "कॅप्टन वरून विचारून राहिला, चीफ, काय झालं? आणि आमचा तेव्हाचा चीफ म्हणतो, काही नाही, पोरीने पंपाशी ओळख करून घेतली!" हे सांगताना त्यांना इतकं हसू यायचं की डोळे पुसायला खांद्यावरचं फडकं घ्यायच्या.

त्यांचे घरमालक अंकल सेंग वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. ऐंशीच्या आसपासचे, काटकुळे, कायम पांढऱ्या बनियनमध्ये. त्यांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक झाकलेलं होतं. रोज सकाळी ते खाली येऊन ताडपत्रीवरची धूळ ओल्या कपड्याने पुसायचे, पण ती कधी उचलायचे नाहीत.

चीफनी कितीतरी दिवस काही विचारलं नाही. मग एका सकाळी दोघांसाठी कॉफी घेऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अंकल, ही चालवायचं कोण?"

"माय वाइफ, लाह," अंकल म्हणाले, शेवटी इथला नेहमीचा 'लाह' जोडून. "आय कॅनॉट ड्राइव्ह."

ताडपत्रीखाली साठच्या दशकातली अमेरिकन मस्टँग गाडी होती. गडद हिरवी, लांब नाकाची, दोन दारांची, पुढे आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन. अंकलच्या बायकोने, लिली आंटींनी, ती तरुणपणी कुणा परदेशी माणसाकडून घेतली होती आणि शेवटच्या आजारापर्यंत चालवली. अंकल आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसले. "शी ड्राइव्ह व्हेरी फास्ट," ते म्हणाले. "मी डोळे मिटून घ्यायचो. ती म्हणायची, पोचलो की सांगते."

आंटी गेल्यावर गाडी जागची हलली नव्हती. जुन्या गाड्यांसाठी इथे वेगळी नोंदणी असते. वर्षातले मोजकेच दिवस ती रस्त्यावर आणता येते, पण नोंदणी टिकवायची तर तपासणीत पास व्हावं लागतं. ती तपासणी आता तोंडावर आली होती. नापास झाली तर गाडी भंगारात. अंकलची भाची मेई दर शनिवारी त्यांना भेटायला यायची. शाळेत गणित शिकवायची, चाळिशीची, व्यवहारी बाई. ती स्पष्ट म्हणाली, "अंकल रोज तिच्यापाशी उभे राहून झुरतात. गेली तर बरंच होईल."

चीफनी अंकलना एवढंच विचारलं, "तपासणीपर्यंत माझ्याकडे देता?"

अंकल वर गेले आणि किल्ली घेऊन आले.

पुढचे महिने त्या घरात काय चाललं होतं ते बघायला मी रोज काही ना काही निमित्त काढून जायचे. ताडपत्री उचलली तेव्हा मागच्या सीटवर मांजरीने संसार थाटलेला निघाला. चीफनी आधी मांजरीची पुठ्ठ्याच्या खोक्यात सोय लावली, मग बॉनेट उघडलं. इंजिन जाम झालेलं. त्यांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि ते झिरपायची वाट बघत बसल्या. ऑफिसातून आल्या की हाताने जरासं फिरवून बघायच्या. "उठ ना वं माय, किती झोपशील?" असं एके संध्याकाळी म्हणत असताना ते बोटभर फिरलं. त्यांनी भिंतीवर धपाधप थाप मारून मला बोलावलं. मला वाटलं, पडल्याबिडल्या की काय!

लहान क्रेन भाड्याने आणून इंजिन बाहेर काढलं आणि ते थेट त्यांच्या हॉलमध्ये आलं. जेवणाचं टेबल भिंतीला सरकलं आणि त्याच्या जागी स्टँडवर इंजिन. कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती, समोर इंजिन, मध्ये बसायला चटई. कपडे वाळत घालायच्या बांबूंवर धुतलेले पिस्टन ओळीने टांगलेले. चीफचा नागपूरकडचा मित्रपरिवार जेवायला यायचा तेव्हा त्या स्वतःला येणारा एकच पदार्थ करायच्या, वडाभात. आम्ही ताटं घेऊन इंजिनाभोवती बसायचो. एकदा कुणीतरी वडाभातावर ओतायचं कढवलेलं तेल इंजिनावर सांडलं. चीफ म्हणाल्या, "सांडू दे. तेलच आहे, त्याला चालतं."

इंजिनाचा वरचा भाग, ज्याला सिलिंडर हेड म्हणतात, तो घासून सपाट करायला बुकित बातोकच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये न्यायचा होता. चीफनी तो टॉवेलात गुंडाळला, भाजी आणायच्या चाकांच्या पिशवीत ठेवला आणि निघाल्या एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने. पिशवी उचलायला म्हणून मलाही बरोबर घेतलं. स्टेशनात सुरक्षारक्षकाने पिशवी बघितली आणि अदबीने विचारलं, "मॅडम, आत काय आहे?"

"अ हेड," चीफ म्हणाल्या.

तो बिचारा पांढरा पडला. चीफना आपण काय बोललो ते जरा उशिराच कळलं. मग टॉवेल सोडून दाखवला, पिस्टन कसा चालतो ते हातवारे करून समजावलं. त्याला जाऊ द्यायचं होतं, पण त्यांचं संपेना. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून आत नेलं.

अंकल सुरुवातीला वरूनच बघायचे. हळूहळू जिन्याच्या पायरीवर येऊन बसू लागले. वाकडे झालेले स्क्रू चांगल्यांपासून वेगळे काढणं, बंपर चकाकवणं अशी कामं घेऊ लागले. एकदा त्यांची नजर बुद्धाच्या मूर्तीवर स्थिरावली. चीफ सकाळी वंदना म्हणायच्या ती त्यांनी वर ऐकली असावी.

"यू इंडियन ऑल्सो बुद्धिस्ट, आह?"

चीफनी पाना खाली ठेवला. "अंकल, तुम्हाला काय वाटलं, तो बुद्ध कुठे झाला?"

अंकल इतके हसले की कवळी सावरायला लागली. त्यानंतर मेई आली की ते तिला चीफकडे बोट दाखवून सांगायचे, "त्यांच्याकडून आला तो. आपल्याकडे नंतर."

इंजिन पुन्हा गाडीत बसलं. झिजलेलं, खराब झालेलं सगळं बदललं होतं. काही भाग अमेरिकेतून मागवले, काही चीफनी स्वतः घडवले. रविवारी पहिल्यांदा सुरू करायचं होतं. चीफ आदल्या संध्याकाळीच गल्लीत घरोघरी सांगून आल्या होत्या, "उद्या मोठा आवाज होईल, घाबरू नका." त्यामुळे न घाबरता सगळी गल्लीच बघायला जमली. मेई आली. अंकल मात्र म्हणाले, "मी वरून ऐकतो."

चीफनी हात पुसले, किल्ली फिरवली. एकदा नुसती कण्हली, दुसऱ्यांदा खोकली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. काय आवाज तो! माझ्या छातीत घुमला. आणि मग स्थिरावला, गुळगुळीत, एकसारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चीफचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

तेवढ्यात अंकल जिन्यावरून धडपडत खाली आले. चेहरा ताठ. "ऑफ! ऑफ इट!" ते ओरडले. गाडीकडे त्यांनी बघितलंही नाही. तसेच परत वर गेले आणि दार लावून घेतलं.

चीफनी इंजिन बंद केलं. मेई हळू आवाजात म्हणाली, "आय टोल्ड यू. त्यांना हे झेपणार नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. चीफनी हत्यारं गोळा केली, पुसून जागेवर लावली, गाडीवर ताडपत्री घातली, कडा नीट दुमडल्या. किल्ली वरच्या दाराच्या कडीला अडकवून आल्या.

मी म्हटलं, "चीफ, तुम्ही त्यांना समजावून सांगा ना. इतकी मेहनत केलीत."

"काय समजावू गं?" त्या म्हणाल्या. "गाडी त्यांची, बायको त्यांची. मी भाडेकरू."

मग घरात शांतता पसरली. भिंतीपलीकडून ठोकाठोकी नाही, वऱ्हाडी नाही. चीफ ऑफिसला जायच्या आणि यायच्या. अंकल धूळ पुसायलाही खाली उतरेनात. तपासणी जवळ येत होती. मला वाटलं, संपलं हे.

बुद्धपौर्णिमा आली. इथे वेसाक डेची सुट्टी असते. चीफ सकाळी विहारात जाऊन आल्या, खीर केली, आम्हाला आणून दिली. एक वाटी झाकून अंकलच्या दारापाशी ठेवली, बेल वाजवली आणि खाली निघून आल्या. मी त्यांच्याकडेच बसले होते. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. अंकल रिकामी, धुतलेली वाटी घेऊन दारात उभे.

"चीफ," ते म्हणाले, "साउंड राँग."

"काय?"

ते आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. तोडकंमोडकं इंग्रजी, मध्येच होक्किएन ही त्यांची चिनी बोली, पण सगळं कळलं. रागावलो नव्हतो, म्हणाले. त्या सकाळी वर खिडकीशी बसून वाट बघत होतो. इतकी वर्षं तिच्या गाडीचा आवाज कानात जपून ठेवला. ती बाजारातून यायची तेव्हा गल्लीच्या तोंडाशी कळायचं. आणि त्या दिवशी जो आवाज आला तो दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा. चांगला होता, पण तिचा नव्हता. "मला वाटलं," ते म्हणाले, "आता हाच कानात बसेल आणि तो जाईल."

चीफ ऐकत होत्या. मग अगदी हळू विचारलं, "तो कसा होता?"

अंकलनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. सलग नव्हता. दोन ठोके, जरा अडखळ, पुन्हा दोन, मग एक मोठा. धावून आलेल्या माणसाला लागलेली धाप असावी तसा.

चीफ उठल्या आणि पलंगाखालून एक खोकं ओढून काढलं. त्यात कापडात गुंडाळलेला लोखंडी दांडा होता. कॅमशाफ्ट म्हणतात त्याला, इंजिनाची झडप कधी उघडायची आणि कधी मिटायची ते तो ठरवतो. गाडीतला मूळचा दांडा त्यांना विचित्र घडणीचा वाटला होता, म्हणून त्यांनी नवा, पुस्तकात दिलेल्या मापाचा बसवला होता. आता तो जुना त्यांनी उजेडात धरून फिरवला.

"आंटीने मुद्दाम घडवून घेतला होता हा," त्या म्हणाल्या. "पळायला जोर यावा म्हणून. उभी असताना गाडी अडखळते, पण सुटली की सुटली. अंकल, मी ऐकलंच नाही. सरळ उघडलं."

आता प्रश्न असा होता की गुळगुळीत चालणारी गाडी तपासणीत बहुधा पास झाली असती. हा दांडा बसवायचा तर इंजिनाचा पुढचा भाग पुन्हा खोलायचा, आणि खोलून बसवल्यावर असा अडखळता आवाज आणि त्याने वाढणारा धूर तपासणी अधिकारी चालवून घेईल याची खात्री नाही. मी ते बोलून दाखवलं. मेईनेही फोनवर तेच सांगितलं.

चीफ म्हणाल्या, "पास झाली आणि दुसऱ्याच कुणाची असली, तर काय करायची ती?"

त्यांनी ऑफिसातून रजा काढली. अंकल यावेळी जिन्यावर नाही, गाडीच्या आत बसले, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, त्यांच्या नेहमीच्या जागी. जुना दांडा बसला, गाडी सुरू झाली, आणि मग दोघांचं सुरू झालं. चीफ बॉनेटखाली वाकून पेचकस जरासा फिरवायच्या, अंकल आतून मान हलवायचे. नाही. नाही. हळू. अजून हळू. चीफ एरवी स्वतःच्या कानापुढे कुणाचं ऐकायच्या नाहीत, पण त्या दिवशी प्रत्येक वेळी मान वर करून काचेतून अंकलच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मेई शाळेतून परस्पर आली होती. ती फाटकाशी उभी होती.

आणि एका क्षणी गाडी अडखळली, सावरली, पुन्हा अडखळली आणि तशीच चालत राहिली. अंकलनी मान हलवली नाही. मांडीवर बोटं वाजत होती, गाडीच्या बरोबरीने. मेईच्या हातातली पर्स खाली पडली. "आंटी," ती म्हणाली. फाटकाला धरून रडायला लागली, नाक लाल होईपर्यंत. चीफनी खांद्यावरचं फडकं तिच्यापुढे धरलं, मग ते काळंकुट्ट आहे हे लक्षात येऊन मागे घेतलं. मेई रडता रडता हसली.

तपासणीला आम्ही सगळेच गेलो. तरुण तपासणीस होता. गाडी अडखळायला लागल्यावर त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि दोनदा पुन्हा यंत्र लावलं. अंकल त्या बाजूला पाठ करून उभे राहिले. ब्रेक तपासले, दिवे तपासले. चीफचे नुसते ओठ हलत होते. मला पक्कं माहीत आहे, त्या गाडीला वऱ्हाडीत दम देत होत्या. अखेर तपासणीसाने शिक्का मारला आणि जरा लाजत विचारलं, "मॅम, कॅन आय सिट इनसाइड, आह? जस्ट वन फोटो." अंकल वळले आणि त्याला इतक्या जोरात मिठी मारली की त्याची टोपी पडली.

त्यानंतर मेई गाडी शिकली. हो, तीच. गिअरची गाडी तिने कधी चालवली नव्हती. चीफ शेजारी बसून शिकवायच्या. "क्लच सोड, हळू सोड, मारून राहिली की तू तिला!" हे ऐन गर्दीच्या रस्त्यावर मराठीत ओरडायच्या, आणि मेईला ते कळायचंही. परवानगी होती तेवढ्या सगळ्या दिवशी मेई अंकलना फिरवून आणू लागली, चांगी पॉइंटपर्यंत, समुद्राच्या कडेने. गणिताच्या बाई कोपऱ्यावर जरा जास्तच जोरात वळायला लागल्या होत्या. अंकलची तक्रार होती, पण आवाजात कौतुकच असायचं.

मग चीफनी एके दिवशी मला सांगितलं की त्या पुन्हा जहाजावर चालल्यात. मालवाहू जहाज, त्यांच्याच कंपनीचं, चीफ इंजिनिअर हवा होता. मी म्हटलं, "आता कशाला? इथे सगळं छान मार्गी लागलंय."

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या. हात पुढे करून दाखवले. नखांत काळी रेघ परत आली होती. "मला वाटलं होतं, हे विसरले. नाही विसरले गं."

निघायच्या सकाळी मी त्यांना धक्क्यावर सोडायला गेले. जहाज बाहेर नांगरून होतं, तिथपर्यंत लाँचने जायचं. चीफची एकच बॅग. मी केलेली ज्वारीची भाकरी आणि पिठलं डब्यात भरून दिलं होतं, जहाजावर पोचल्यावर खा म्हणून. "जयभीम, अनघा. येते," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर एक धपका देऊन लाँचमध्ये उतरल्या.

मला वाटलं, वळून हात तरी करतील. पण लाँच धक्क्यापासून सुटतीय न सुटतीय तोच त्यांनी मांडीवर डबा उघडला होता. भाकरी मोडून अर्धी शेजारच्या तरुण मलाय नावाड्याच्या हातात दिली. तो कशी खायची ते विचारत असावा, कारण चीफ तुकडा पिठल्यात बुडवून त्याला दाखवत होत्या. त्याने घास घेतला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. चीफ पोट धरून हसत होत्या. लाँच उन्हात पांढरी रेघ ओढत मोठ्या जहाजांच्या मधून आत शिरली, तोवर नावाड्याने दुसरा घास मागायला हात पुढे केलेला मला दिसला.